जुळाऱ्याचा अंगठा

लॅटिन मला येत नाही.
माझ्या बोटांना येतं.
सोळा वर्षं केंब्रिजात खिळे जुळवतोय,
उलटे, आरशातले, डोकं खाली पाय वर,
आणि आता बिअरलाही शिशाचीच चव लागते.

त्या हिवाळ्यात एक शब्द सारखा हाताखाली येई.
इडोला.
पाच खिळे, मधला गोल.
अर्थ कुणी सांगितला नाही, मीही विचारला नाही.
मजुरी अर्थावर नसते, ओळींवर असते.

जाबेझ थर्लोनं तो दारातूनच ऐकला
आणि हातोडा घेऊन आत आला.
मागच्या महिन्यात त्यानं आमच्या चर्चमधल्या
सेंट मार्गारेटचं नाक उडवलं होतं,
रंगीत काचा फोडून पोत्यात भरल्या होत्या.
(त्यातली एक निळी
त्याच्या धाकटीच्या उशाखाली आहे.
मला ठाऊक आहे, त्याला नाही.)
"मूर्ती छापता इथं? कुठं आहेत?"

झॅकरी पेल, आमचा मुद्रितशोधक.
पूर्वी पाद्री होता. नोकरी गेली, खोकला राहिला.
त्यानं कागदावरची नजर न काढता
स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं.
"इथं. घाल."

हातोडा हवेत तसाच.
छापयंत्राचा दांडा ओढणारा पोरगा थांबला.
शाईचा एक थेंब जमिनीवर पडला
तो सगळ्यांना ऐकू आला.

"शब्द मूर्तीचाच आहे, जाबेझ," पेल म्हणाला,
"पण ग्रीकांच्या घरी होता तेव्हा तो नुसती सावली होता,
पाण्यात दिसणारं तोंड,
मेलेल्या बापाचं स्वप्नात येऊन बसणं.
लॅटिनात आला आणि देव झाला,
तू फोडतोस तो.
या ग्रंथात पुन्हा सावली झालाय.
मन जिला वस्तू समजून हात जोडतं, ती सावली.
काही तर माणूस म्हणून जन्मलो म्हणूनच चिकटलेल्या.
काही ज्याच्या त्याच्या गुहेतल्या.
काही बाजारातल्या; घासलेलं नाणं फिरतं ना हातोहात,
तसे शब्द फिरतात, वजन कुणी करत नाही.
आणि काही..."
त्याला खोकल्याची उबळ आली.
चौथी जात राहूनच गेली.

जाबेझ म्हणाला,
"माझं मन स्वच्छ आहे. रोज सकाळी प्रार्थनेनं धुतो."
पेलनं तोंड पुसलं.
"ही बघ, एक."

जाबेझ गेला. हातोडा दाराशी विसरला,
तो आम्ही पुढं वर्षभर
कागदाच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवला.

मी हसत होतो. अजून हसतोच होतो
तेव्हा पेलनं माझ्यापुढं कालचं मुद्रित सरकवलं,
सातव्या ओळीवर नख ठेवून.
वाच म्हणाला.
वाचलं. इडोला.
पुन्हा वाच.
इडोला.
अक्षर अक्षर वाच.

आय. पी. ओ. एल. ए.

काल मी ते पान तीनदा पाहिलं होतं,
डोळ्यांत तेल घालून, मेणबत्ती जवळ ओढून.
डीचा खिळा उलटा पडला की पी होतो,
हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं;
म्हणून तर प्रत्येक खिळ्याला खाच असते, अंगठ्यासाठी.
अंगठा थंडीनं बधिर होता.
आणि डोळ्यानं, शहाण्यानं,
जे असायला हवं तेच पाहिलं.

पेल काही बोलला नाही.
चिमट्यानं खिळा उपटला, फिरवून बसवला.
तेवढ्यात जे कळलं
ते लॅटिन न येताही कळलं.

ग्रंथ छापून झाला. पानं दोरीवर वाळली,
शिवली गेली, होडीत बसून लंडनला गेली.
तेव्हापासून मी बोटानं वाचतो,
शेवटाकडून सुरुवातीकडं, एकेक अक्षर, ओठ हलवत.
पोरं मागून नक्कल करतात.

आणि हे वरचं सगळं लिहून झाल्यावर
तीनदा वाचून पाहिलं.
काही चूक दिसली नाही.